न वाचलेली पाकिटं

"मॅडम, तुमचंपण मशीन बंद आहे का?" तिने विचारलं, आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून सोफ्यावर जराशी सरकलीसुद्धा. खोचक नव्हतं ते. खोचक असतं तर बरं झालं असतं. मीही काहीतरी ठेवून दिलं असतं आणि विषय मिटला असता. तिला खरंच वाटलं होतं की सरकारी दवाखान्यातल्या बाईच्या वाट्यालाही बंद मशीनच येत असणार. मी ड्यूटी संपवून, एप्रन पिशवीत कोंबून, रस्ता ओलांडून तिथे आले होते. तपासण्यांची ती खाजगी जागा. आमच्या गेटच्या बरोब्बर समोर आहे म्हणून सगळे तिला 'समोरचं सेंटर' म्हणतात. आत गार हवा, भिंतीवर दात दाखवून हसणाऱ्या एका कुटुंबाचा फोटो, आणि फरशी अशी की पाऊल टाकताना आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटावं. माझ्या मांडीवर फॉर्म होता. 'तक्रार' या शब्दापुढची रेघ मी कोरी ठेवली होती. नऊ दिवसांपूर्वी आंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेच्या अलीकडे, मटारच्या दाण्याएवढं काहीतरी बोटाला लागलं होतं, आणि नऊही दिवस माझं बोट दिवसातून दहादा तिथे जाऊन परत येत होतं. अशा अवस्थेत समोरून प्रश्न आला, आणि मी वर पाहिलं, तर ही. गणवेशवाली. शाळेचे गणवेश शिवणारी बाई. बाहीला कायम निळा नाहीतर खाकी दोरा चिकटलेला. त्याच दिवशी सकाळी अकराला मी तिला माझ्या खिडकीतून बोटाने पाटी दाखवली होती. त्याआधीही दोनदा. तिन्ही वेळा तिने पाटी वाचली, मान हलवली आणि "बरं" म्हणून गेली. ते "बरं" आत्ता, त्या गार हवेत, माझ्या कानात परत वाजलं.

पाटी माझ्याच अक्षरात होती. 'मॅमोग्राफी मशीन बंद आहे.' बायका त्याला छातीचा फोटो म्हणतात. वीस वर्षं मी तेच फोटो काढत आलेय. मशीन बंद नव्हतं. दर सोमवारी मी ते सुरू करायची, गरम होऊ द्यायची, एक कोरी फिल्म काढून बघायची आणि परत झाकण घालायची. बंद पडू नये म्हणून चालवायचं आणि बंद आहे म्हणून सांगायचं, असा माझा अकरा महिन्यांचा सोमवार होता. गेले होते ते सर. फोटो वाचणारे डॉक्टर. त्यांनी राजीनामा दिला, जागा रिकामी राहिली, वरती पत्रं गेली, वरून 'विचाराधीन' असं उत्तर आलं, आणि मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या अधीक्षकांनी, जिन्यात उभ्या उभ्या मला सांगितलं, "तूर्त बंद ठेवा." कागद नाही, सही नाही, नुसतं तूर्त. मी घरून मार्कर आणला आणि पाटी लिहिली. अक्षर चांगलं आलं म्हणून मनात बरंसुद्धा वाटलं होतं. खरी गंमत पुढे आहे. मशीन चालू असताना रांग असायची, वही असायची, वहीत नावं असायची, वाट बघणाऱ्या बायकांचा आकडा दर महिन्याला वर जायचा आणि वरचे लोक ओरडायचे. मशीन बंद झालं आणि आकडा शून्यावर आला. बंद मशीनला रांग नसते. ज्या बाईचं नावच लिहिलं नाही तिला कोणी ताटकळत ठेवलं असं होत नाही. त्या सगळ्या जणी रस्ता ओलांडून जायच्या, नाहीतर घरी जायच्या. घरी गेलेल्यांचं काय झालं ते कोणत्याच वहीत नाही. सर आता समोरच्या सेंटरमध्ये बसतात. आणि मला, सरकारी कर्मचारी म्हणून, एक निळं कार्ड आहे, ते दाखवलं की सेंटरवाले हसून आत घेतात. सरकारी माणसाला सरकारी दवाखाना टाळता यावा म्हणून सरकारनेच केलेली सोय. धाकट्या भावाने परस्पर माझी वेळ ठरवून टाकली होती. "ताई, तुला काय कमी आहे? कार्ड कशाला दिलंय?"

"तुमचा नंबर कितवा?" गणवेशवालीने विचारलं.

"आत्ताच आले. तुमचा?"

"पुढचाच. दोन शिलाई मशीनं होती, या फोटोसाठी एक विकून टाकलं. एकावर भागतं हो. शाळा सुरू व्हायला वेळ आहे अजून." ती हे अशा आवाजात बोलली की जणू जुनी बादली मोडीत घातली.

मग माझ्या हातून जे झालं ते ठरवून झालं असं मी म्हणणार नाही. मी फॉर्मची घडी केली. आणखी एक केली. म्हटलं, "उठा. उद्या सकाळी आठला माझ्याकडे या."

"पण मशीन?"

"चालू आहे."

आता हिने विचारायला हवं की मग आजपर्यंत काय होतं, मी मनाशी उत्तर जुळवत होते, एकही धड जुळत नव्हतं. तिने विचारलंच नाही. "बरं," म्हणाली आणि पिशवी उचलली. काउंटरवरची मुलगी "मॅम, मॅम" करत राहिली, आणि आम्ही दोघी काचेच्या दारातून बाहेर, उन्हात.

सकाळी पाटी काढली तेव्हा भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला. माझ्याबरोबर काम करणारी दुसरी बाई तिथेच उभी होती. चाळिशीची, दर अकरा महिन्यांनी हिची नेमणूक संपते आणि पुन्हा होते, म्हणून ती स्वतःलाच हसून कंत्राटीण म्हणते. "आदेश आला?" तिने विचारलं. म्हटलं, "नाही आला." "मग?" "मग बंद ठेवायचाही कधी आला नव्हता." कंत्राटीण चौकोनाकडे बघत म्हणाली, "मी काही पाहिलं नाही. पण फिल्म धुवायच्या असतील तर माझ्याकडे द्या, तुम्हाला रसायनाने खोकला येतो." गणवेशवाली आली, पुढे झाली, मी नेहमीचं बोलले. "थोडं गार लागेल. थोडं दाबेल. श्वास रोखा." वीस वर्षांत हजारदा म्हटलेली वाक्यं, तोंडाला पाठ, अर्थ गळून गेलेली. चार फोटो काढले. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि मी दोन पावलं मागे सरले. उजव्या बाजूला, खोल, एक पांढरा ठिपका, आणि त्याच्या कडेने बारीक किरणं फुटलेली. मी डॉक्टर नाही. मला बोलायचा अधिकार नाही. पण सरांच्या शेजारी उभं राहून मी इतक्या फिल्म पाहिल्यात की कोणत्या ठिपक्यावर त्यांचा पेन टेबलावर ठेवला जायचा ते मला ठाऊक आहे. पडद्यामागून ती म्हणाली, "चांगला आला का फोटो?" म्हटलं, "स्पष्ट आलाय." खोटं नव्हतं ते.

फिल्म पाकिटात घातली. वर नाव, तारीख, नंबर एक. 'वाचन' असा रकाना असतो, तिथे लिहिलं: फोटो काढला, वाचणारा नाही. आणि तिच्या हातात जी पावती दिली तिच्यावर नेहमीच्या 'रिपोर्ट खिडकी तीनवर मिळेल' या ओळीवर काट मारून लिहिलं: रिपोर्टची चौकशी अधीक्षक कार्यालय, पहिला मजला. हे मला आयत्या वेळी सुचलं, आणि सुचल्यावर इतकं हसू आलं की कंत्राटीण दचकून आत आली. त्या दिवशी सात जणी झाल्या. दुसऱ्या दिवशी नऊ. चिठ्ठी ओपीडीतल्या डॉक्टरांचीच, रीतसर. मी फक्त माझं काम करत होते. बायकांमध्ये बातमी कशी पसरते ते मला अजून कळलेलं नाही, पण चौथ्या दिवशी बाकं पुरेनात. आणि पहिल्या मजल्यावर हेडक्लार्कच्या खिडकीशी पावत्या घेऊन बायका उभ्या राहू लागल्या. भांडत नव्हत्या. नुसतं विचारत होत्या, "साहेब, माझं वाचलं का?" तो म्हणायचा, उद्या या. त्या उद्या यायच्या. आदल्या दिवशीच्या आणि त्या दिवशीच्या मिळून. चार दिवसांत त्याची अशी दमछाक झाली की तो जेवायच्या सुट्टीत मागच्या जिन्याने उतरायला लागला.

पाचव्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. परवानगीशिवाय यंत्र का चालवले. उत्तराला तीन दिवस. मी तिथेच, त्याच कागदाच्या खाली लिहिलं: कारण, यंत्र चालते. शिपायाच्या हाती परत दिलं. पंधरा मिनिटांत वर बोलावणं.

मोठे साहेब वाईट माणूस नाहीत. टेबलावर फायलींचे दोन मनोरे, मधल्या फटीतून ते बोलतात. "तुम्ही वाकड्यात शिरताय," ते म्हणाले. "वाचणारा नसताना फोटो काढून उपयोग काय? उद्या एखादीला काही निघालं आणि पाकीट नुसतं पडून राहिलं, तर जबाबदारी कोणाची?"

"तेच विचारायला आले, साहेब. फोटो काढला नसता आणि तिला काही असतं, तर कोणाची?"

"तेव्हा आपल्याला माहीत नसतं."

म्हणाले आणि स्वतःच थांबले. फटीतून मला त्यांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती. बाहेर हेडक्लार्क कोणालातरी "उद्या, उद्या" म्हणत होता. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मी सहा पत्रं पाठवली आहेत. सहा. माझ्या हातात अजून काय आहे?" मला त्यांची दया आली आणि त्या दयेचा रागही आला, कारण अकरा महिने मी अशीच सगळ्यांची दया करत बसले होते, सरांची, साहेबांची, वरच्यांची, आणि ती सगळी दया त्या बायकांच्या खर्चाने चालली होती. म्हटलं, "पाकिटांची पोच द्या. आत्तापर्यंत अडतीस. तुमच्या शिक्क्याने." त्यांनी दिली नाही. मी त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले, पावतीवाल्या बायकांमध्ये. माझ्या शेजारची मला म्हणाली, "तुमचं कधीपासून पडलंय?" दीड तासाने हेडक्लार्कने शिक्का आणला. मारताना म्हणाला, "मॅडम, काय वाकडं केलंय मी तुमचं?" म्हटलं, "काही नाही. म्हणून तर शिक्काच मागतेय."

खाली आले ती थेट ओपीडीच्या रांगेत. तिथली डॉक्टर मला ओळखत होती, हाताने पुढे बोलावत होती, मी मान हलवली. रांगेत उभं राहिलं की दवाखाना वेगळाच दिसतो. खिडकी उंच आहे हे मला पहिल्यांदा कळलं. आत बसणारीला ते कळायचं कारण नाही. माझी आई याच दवाखान्यात आया होती. शाळा सुटली की मी तिची सुट्टी होईपर्यंत याच पॅसेजमध्ये दप्तर उशाला घेऊन झोपायची, आणि तेव्हा याच रांगेत मास्तर असायचे, वकील असायचे, गिरणीतले कामगार असायचे, एकदा तर एक न्यायाधीश पाय मुरगळून बसले होते आणि आईने त्यांना दरडावलं होतं की पाय पसरू नका, लोक अडखळतात. ते सगळे केव्हा रस्ता ओलांडून गेले? एकेक करून गेले. त्यांच्या मागोमाग ओरडणारे आवाज गेले, अर्ज लिहिणारे हात गेले, आणि मागे उरल्या "बरं" म्हणणाऱ्या बाया. सगळ्यात शेवटी मी निघाले होते, निळं कार्ड घेऊन.

चिठ्ठी मिळाली. संध्याकाळी चारला, बायका गेल्यावर, मी कंत्राटिणीला म्हटलं, "माझा काढ." तिने फिल्म भरली. पडद्यामागे मी ब्लाउजची बटणं काढली आणि मशीनसमोर उभी राहिले, आणि पट्टी लागली तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. थोडं गार नव्हतं ते. स्टीलचं भांडं थंडीत उघड्यावर ठेवावं तसं होतं. आणि थोडं दाबतही नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, दुखल्याने की कशाने. वीस वर्षं मी बायकांना 'थोडं' म्हणत आले. "श्वास रोखा," कंत्राटीण म्हणाली, माझ्याच चालीत, आणि मी रोखला. फिल्म तिने पेटीवर लावली तेव्हा मी पाठ फिरवली. म्हटलं, "मला दाखवू नकोस. पाकिटात घाल. नंबर एकोणचाळीस."

त्या संध्याकाळी धाकटा घरी आला आणि सोफ्यावर न बसताच बोलायला लागला. "हा कसला हट्ट, ताई? सेंटरवाल्यांचा मला फोन आला. तू उठून निघून गेलीस म्हणे. आई असती तर तिने तरी..."

"आईचं नाव मध्ये आणू नकोस. ती दवाखान्यातल्याच खाटेवर गेली, आणि नीट गेली. शेवटपर्यंत सिस्टर तिचे केस विंचरत होती."

"तुला काही झालं म्हणजे?"

"तर मला झालेलं असेल. बाकीच्या अडतीस जणींनाही भाऊ आहेत."

तो चिडून गेला. दाराशी थांबला, "निदान जेव वेळेवर," म्हणाला, आणि गेला. मी हट्टी आहे हे मला ठाऊक आहे. पण नंबर एक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मी तिला समोरच्या सोफ्यावरून उठवून आणलं होतं. तिचा पुढचाच नंबर होता. तिथे त्याच दिवशी संध्याकाळी तिला कळलं असतं. मी माझ्या तोऱ्यात तिला परत या ढिगात आणून टाकलं, आणि ढिगाचं पहिलं पाकीट तिचंच आहे, आणि त्यात काय आहे ते एकट्या मला माहीत आहे. माझी गाठ मी रांगेत ठेवली तर तो माझा बाणा. तिची ठेवली तर त्याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी पाकीट पिशवीत घालून मी रस्ता ओलांडला. सर आतल्या खोलीत होते. केस पिकलेत, चष्मा नवा. मला बघून खरंच उठले. "अगं, ये. मला कळलंय सगळं. तुझं आणलंस ना? दे इकडे, आत्ता बघतो."

मी नंबर एकचं पाकीट पुढे केलं. त्यांनी फिल्म लावली, आणि हातातला पेन टेबलावर ठेवला.

"ही तू नाहीस."

"नाही."

"ही थांबू शकत नाही. आठवडासुद्धा नाही."

"लिहून द्या, सर. सरकारी पाकिटावरच. सेंटरच्या कागदावर नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पूर्वी चूक झाली की मी त्यांच्याकडे पाहायची, तसं. मग 'वाचणारा नाही' या माझ्या ओळीखाली त्यांनी त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं, आणि सही केली. लिहिता लिहिता म्हणाले, "मी सोडलं तेव्हा तुला वाटलं असेल, पैशासाठी. दिवसाला नव्वद फिल्म, आणि पेटीचा दिवा बदलायला चार महिने. एक चुकली होती माझ्याकडून. शेवटच्या वर्षी. तुला माहीत नाही." मला माहीत नव्हतं. दाराशी त्यांनी विचारलं, "आणि तुझं?"

"माझं रांगेत आहे. एकूण एक्कावन्न झाली. सगळी वाचता?"

त्यांनी टेबलाकडे वळून सेंटरची पुढची फिल्म पेटीवर लावली. मी पाकीट घेऊन निघाले. रस्ता ओलांडताना माझ्या लक्षात आलं की मला त्यांचा राग येत नाहीये, आणि त्यामुळे चालणं जड झालंय. रागावर पाय भराभर पडतात.

ते पाकीट मी मोठ्या साहेबांच्या दोन मनोऱ्यांच्या मधल्या फटीत ठेवलं, उघडं. म्हटलं, "एक वाचून आणलंय. तुमचा शिक्का आहे त्यावर, कालचा. उरलेल्या पन्नासांत असं किती, ते तुम्ही सांगा. आता आपल्याला माहीत आहे, साहेब." त्यांनी पाकीट वाचलं. पुन्हा वाचलं. फायलींचा एक मनोरा उचलून खाली जमिनीवर ठेवला, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा अख्खा चेहरा दिसला. तो माझ्यापेक्षा थकलेला होता. त्यांनी फोन लावला. पत्र नाही, फोन. कोणाशी बोलले ते मला कळलं नाही, पण आवाज चढलेला ऐकला, आणि त्यात "शिक्का माझा आहे, उद्या पेपरात माझं नाव येईल, तुमचं नाही" असं एक वाक्य होतं. ते धैर्य होतं की भीती, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. गणवेशवालीला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. आमचा शस्त्रक्रिया विभाग चालूच होता; त्यांच्यापर्यंत कोणी पोचतच नव्हतं एवढंच.

पुढच्या मंगळवारी मेडिकल कॉलेजमधून एक डॉक्टर आली. मंगळवार आणि गुरुवार, पुढचा आदेश होईपर्यंत. तिशीतली, आवाज खणखणीत, आल्या आल्या म्हणाली, "दिवा कोणी निवडलाय हा? यात मला माझा हात दिसत नाही." कंत्राटिणीने दिवा कुठून पैदा केला ते मी विचारलं नाही. पाकिटं क्रमाने वाचायची, मी म्हटलं. तिला कोणीतरी सांगितलं असावं, कारण तिने एकोणचाळिसावं वर काढून ठेवलं होतं. मी ते उचलून परत जागेवर घातलं. तिने खांदे उडवले. पहिल्या दिवशी बावीस झाली. त्यात दोन वाईट निघाली, एक शंकेची. त्या दोघींना वर बोलावून सांगायचं काम मी केलं, आणि त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही.

मधल्या बुधवारी गणवेशवालीला भेटायला वॉर्डात गेले. ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. चेहरा उतरलेला, पण उठून बसली होती आणि गाऊन बाजूला करून स्वतःचे टाके निरखत होती. "कोणी घातलेत हो हे?" म्हणाली. "माझ्या हाताखाली असता तर उसवून परत घालायला लावले असते." मग म्हणाली, "तुम्हाला त्या दिवशीच दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मला वाटलंच. 'स्पष्ट आलाय' म्हणालात, 'चांगला' नाही म्हणालात." तिने गाऊन नीट केला. "बरं," म्हणाली. पण हे वेगळं 'बरं' होतं. यात हिशेब बाकी असल्यासारखा होता. "एक सांगा, त्या अकरा महिन्यांत आलेल्या बाकीच्या? त्यांची नावं कुठेच नाहीत?"

नव्हती. पण चिठ्ठ्या ओपीडीच्या कार्बन वहीत होत्या. आता कंत्राटीण आणि मी रोज दुपारी एक तास त्या वह्या उलगडतो, पत्ते काढतो, पोस्टकार्डं लिहितो. आत्तापर्यंत एकशे चौदा गेली. काही परत येतात. एकावर कोणीतरी 'बाई आता नाहीत' असं लिहून पाठवलं. ते कार्ड मी भिंतीवरच्या त्या स्वच्छ चौकोनात चिकटवलं, आणि मोठ्या साहेबांनी ते काढा असं अजून म्हटलेलं नाही.

गुरुवारी अकराच्या सुमारास डॉक्टरने एकोणचाळिसावं लावलं. मी दाराशी फिल्म मोजत होते. मोजत नव्हते, हातात धरून उभी होते. ती बराच वेळ पाहत राहिली, भिंग घेतलं, ठेवलं.

"या इकडे," ती म्हणाली. "हे बघा. नुसतं पाहून सांगता येणार नाही. सुई घालून तुकडा काढावा लागेल."

"कुठे होतं ते?"

"इथे नाही होत. समोर..."

"समोर नाही. इथे व्हायला काय लागतं?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "सुई लागते, वेगळी असते. एक खोली. मी. आणि तुकडा तपासणारा कोणीतरी, तो कॉलेजात आहे, बसने पाठवता येईल."

"सुईचं मागणीपत्र आत्ता लिहिते. खोली आहे, जुन्या कपाटांनी भरलीय, संध्याकाळपर्यंत रिकामी होईल. शंकेच्या अजून दोघी आहेत, त्यांनाही निरोप देते."

"मंगळवारी, मग," ती म्हणाली. फिल्म काढून पाकिटात सरकवली, आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "घाबरू नका."

"घाबरलेय," मी म्हटलं. "पण इथेच घाबरणार आहे."